रियाजाला बसवायचं कोणी?

हा दिवाळी अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातल्या नेरडीगोंड्याच्या आसपासच्या गोंड गुड्यांतून, म्हणजे पाड्यांतून, दंडारी या दिवाळीतल्या नाचाची पथकं बाहेर पडलेली असतील. मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी नर्तक पुढे आणि ढोल, तुडुम, पेपरे बरोबर. त्यांतल्या वाजवणाऱ्या पोराला ‘आज रियाज केलास का?’ असं घरी कोणी विचारत असेल असं वाटत नाही.

आपल्या मराठी घरांत मात्र हाच प्रश्न रोज संध्याकाळी सातला होतो. तबल्यावर ‘धा धा तिट धा धा तूना’ सुरू असतं, चौथ्या आवर्तनाला डाव्याचा हात मागे पडतो, लय आपोआप वाढते, आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘मी मोजतेय हं, दहाच झाले!’ पोरगं घड्याळाकडे बघतं, तबल्याकडे नाही.

मुलांना असं बसवावं की नाही, यावर दोन पक्ष आहेत. गोडी असेल तर मूल आपणहून बसेल, असं म्हणणारे भीमसेन जोशींचं नाव हमखास काढतात. अकराव्या वर्षी घर सोडून गुरूच्या शोधात निघालेला मुलगा, त्याला कुणी बसवलं होतं? प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. ते पळाले ते बसवून घेणारा माणूस शोधायला, आणि शेवटी तो कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या रूपात सापडला. तिथे मेहनत चुकली नाही. दुसरा पक्ष झाकीर हुसेनांचं उदाहरण देतो. सात वर्षांच्या मुलाला पहाटे तीनला उठवून उस्ताद अल्लारखाँ तालीम देत. पण ही गोष्ट सांगताना एक तपशील आपण सोयीने गाळतो: वडील स्वतःही तीनलाच उठत. पोराला खोलीत बसवून स्वतः मालिका बघणाऱ्यांनी हे उदाहरण देऊ नये.

अर्थात नुसतं शेजारी बसूनही भागत नाही. अमेरिकेतल्या एमी चुआ यांनी 2011 साली आपल्या कडक संगोपनावर पुस्तक लिहिलं. मुलींच्या सरावाला त्या तासन्‌तास बसत. थोरली पियानोत पुढे गेली; धाकटीने तेराव्या वर्षी बंड केलं, व्हायोलिन मागे पडलं आणि हातात टेनिसची रॅकेट आली. एकच आई, एकच शिस्त.

मला याचं उत्तर आदिलाबादच्या परधान भाटांकडे दिसतं. किकरी हे त्यांचं घोड्याच्या केसांच्या तारांचं, गजाने वाजवायचं वाद्य. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ 1940च्या दशकात मारलावाईला राहून गोंडांचा अभ्यास करत होते. त्यांनी नोंदवलंय की परधान घरात मराठी बोलतात आणि किकरीवर गातात मात्र गोंडीत, आपल्या गोंड यजमानांच्या कुळकथा आणि देवकथा. मुख्य गायकाच्या साथीला जो बसतो तो तिथेच शिकतो. पेर्सा पेन या कुळदेवाच्या पूजेला किकरी लागतेच, त्यामुळे शिकणाऱ्याला ‘कशासाठी?’ हा प्रश्न पडायला जागाच नव्हती. पण यजमान आणि परधान यांचं नातं सैल झालं तशी किकरी हाती घेणारेही कमी झाले. वारसा रक्तात असला तरी मागणी आटली की हात थांबतो.

म्हणून मारलावाईचेच कनक राजू मला फार मोठे वाटतात. 1981 साली दिल्लीत प्रजासत्ताक दिनाला त्यांनी गुसाडी नाच नेला आणि नंतर पोरांना तो शिकवत राहिले. 2021 साली पद्मश्री मिळाली. 2024च्या दिवाळीच्या आठवडाभर आधी ते गेले.

तर माझं मत सांगतो. रियाज करवून घ्यावा. सुरुवातीची दोन वर्षं तरी, रोज वीस मिनिटं, आणि सांगणाऱ्याने सतरंजीवर शेजारी बसून. वाद्य कोणतं हे मुलाने ठरवावं. बसायचं की नाही हे नाही. दोन वर्षांनंतरही पेटीवरचं कापड त्याने एकदाही आपणहून काढलं नसेल, तर खुशाल थांबवावं, टोमणे न मारता. प्रारंभिक ते विशारद या सात परीक्षा चांगल्याच आहेत, पण घरात आरतीला टाळ्या वाजवणारा ‘मध्यमा पूर्ण’ मी पाहिला आहे. तबला कपाटावर होता. परीक्षकाखेरीज त्याचं वाजवणं कुणालाच लागत नव्हतं!

यंदा लक्ष्मीपूजनाच्या आरतीला मोबाइलवरचं गाणं लावू नका. पेटी मुलाकडे द्या. चुकेल, लय पळेल. तुम्ही त्याच्या लयीने म्हणा. पाहुण्यांसमोर ‘काका, बघा काय वाजवतो’ असलं प्रदर्शनही नको. एकादशीच्या भजनाला, गणपतीत, शेजारच्या वाढदिवसाला त्याला बरोबर न्या. आणि नेरडीगोंड्याच्या बाजूला कुंतालाचा धबधबा बघायला जाणार असाल तर वाटेत दंडारीचं पथक दिसलं की गाडी थांबवा, मुलांना उतरवा, वाजवणाऱ्यांचे हात बघू द्या.