गच्चीवरचं विमान

कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी विमान जोडलं. २०१८ मध्ये त्यांच्या कारखान्यासाठी आपल्या पालघर जिल्ह्यात जागा देण्याचा करार झाला, तेव्हा आम्ही वसईकर हरखलो होतो. पण विमानाचा आराखडा खरा की खोटा, ते करारावर ठरत नाही. इंधन आणि बॅटरी दोन्हींवर उडणाऱ्या हायब्रिड-इलेक्ट्रिक विमानाचं दुखणं तर आणखी वेगळं. किलोभर विमान-इंधनात सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा, किलोभर बॅटरीत जेमतेम २५०. वर टाकी उडताउडता हलकी होते, बॅटरी उतरतानाही तेवढीच जड. (अर्नाळ्याची बोट मासळीनं जड होऊन परतली तर कौतुक, विमानाचं तसं नाही!) इंधन घटतं हे धरून बांधलेलं विमानाचा पल्ला काढायचं ब्रेगेचं जुनं सूत्र इथे जसंच्या तसं चालत नाही. नवी सूत्रं आधी माहितीतल्या विमानावर ताडून बघायची, मग जमिनीवर मोटार तापवायची, मगच धावपट्टी. यादवांचं साधं इंधनावरचं विमानही चाचणीसाठी धुळ्याला न्यावं लागलं.