सही समजून, उमजून
मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस द्यायची म्हटले, की आईबाप कचरतात. त्यांची शंका मला अडाणीपणाची वाटत नाही. तिला इतिहास आहे.

२००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत ही लस दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना देण्यात आली. काही मुलींच्या मृत्यूंमुळे एप्रिल २०१० मध्ये काम थांबले. मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण आंध्रात अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या निघाल्या.

त्याच धक्क्याने देशातील दुसरा एक अभ्यास अर्ध्यावर अडला. आपल्या बार्शीचाही त्यात सहभाग होता. हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली होती. संशोधकांनी मात्र पाठपुरावा सोडला नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष आला : विषाणूच्या दोन घातक प्रकारांविरुद्ध एक मात्राही दोन-तीन मात्रांइतकीच प्रभावी. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला. २०२३ मध्ये पुण्यात बनलेली लसही आली.

विज्ञानाने आपले काम केले; उरले ते आपले. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून लस त्याआधीच, कोवळ्या वयात द्यायची. नेमके हेच घरात बोलायला जड जाते. पण या रोगाने देशात वर्षाला पाऊण लाखाहून अधिक स्त्रिया दगावतात. तेव्हा शाळेतून संमतीपत्र आले, की पालकांनी खुशाल प्रश्न विचारावेत, डॉक्टरांनी न कंटाळता उत्तरे द्यावीत आणि मुलीलाही सारे सांगावे. मगच सही करावी, पण करावी.