पद्मिनीचे ब्रेक
कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. कसारा घाटासारख्या लांब उतारावर ड्रम तापला, की लायनरची पकड ढिली पडत जाते. याउलट डिस्क ब्रेकची उघड्यावरची डिस्क वाऱ्याने लवकर निवते. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवली तरी बहुतेक काम भागते. डिस्कला पायाचा जोर मात्र जास्त लागतो. त्यासाठी व्हॅक्यूम बूस्टर हवा. त्याहून मोलाचा, पण हौशी मालकांना फारसा न सुचणारा बदल ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा: तो दुहेरी असला, तर एक पाइप फुटूनही दोन चाकांचे ब्रेक शाबूत राहतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि मग कमी तापमानाला उकळते. पावसाळी हवेत ते वेळच्या वेळी बदललेले बरे.