‘दॅन’ म्हणजे नुसतं ‘पेक्षा’ नव्हे. फॉर्म भरताना इथेच होते चूक

‘धरणगावपेक्षा जळगाव मोठं.’ इंग्रजीत हेच उलट्या क्रमाने येतं : ‘जळगाव इज बिगर दॅन धरणगाव’. आपला ‘पेक्षा’ नावाला मागून चिकटतो, ‘दॅन’ नावाच्या आधी बसतो. शाळेत अर्थ पाठ करून घेतात, ही जागा कुणी दाखवत नाही.

खरा फटका बसतो फॉर्म भरताना. ‘नॉट लेस दॅन ६० परसेंट’ म्हणजे किमान ६०. बरोबर ६० टक्केवालाही पात्र. ‘मोर दॅन ६०’ असेल तर तोच बाहेर. इंजिनिअरिंगला मला नेमके ६० टक्के होते. ‘नॉट लेस दॅन’ वाचून ‘६०च्या वरच हवेत’ असं समजलो आणि अर्जच भरला नाही.

आणि हो, ‘सीनियर’, ‘ज्युनियर’नंतर ‘दॅन’ नाही, ‘टू’ येतं.