तेराव्याआधीचा फॉर्म

जाफराबाद आणि भोकरदन तालुक्यांतून अलीकडे आलेली पत्रं एकापुढे एक ठेवली तर तक्रार एकच दिसते. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की आठ दिवसांच्या आत त्या घरी जायचं, पीएचक्यू-९ भरायचा, घरच्यांसोबत उभं राहून फोटो काढायचा आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाकायचा, अशी तोंडी सूचना काही आशाताईंना आणि समुपदेशकांना मिळाली आहे. सूचना लेखी मागितली तर मिळत नाही. फॉर्म मात्र लेखीच लागतो. एका ताईंनी फोटो काढायला नकार दिला, तेव्हा ‘मग भेट दिल्याचा पुरावा काय?’ असं त्यांना विचारण्यात आलं.

आमच्या वाचकांना पीएचक्यू-९ समजावून सांगायला नको. तो मागच्या दोन आठवड्यांविषयी विचारतो. झोप लागते का, भूक लागते का, कशात मन रमतं का. ज्या घरात अजून दहावं व्हायचंय तिथं या प्रश्नांना ‘जवळजवळ रोज’ याशिवाय काय उत्तर येणार? बेरीज विसाच्या वर जाते, ‘तीव्र नैराश्य’ असा शेरा पडतो, कागद वर जातो आणि त्या घराचा विषय संपतो. खरं तपासायची वेळ येते ती पुढे. आयसीडी-११ मध्ये दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकविकाराला किमान सहा महिन्यांची अट घातली आहे, ती उगाच नाही. त्या सहाव्या महिन्यात मात्र दारात ना फॉर्म असतो, ना माणूस. नववा प्रश्न, जीव द्यावासा वाटतो का हा, पहिल्या दिवशीही विचारावा, विचारलाच पाहिजे. पण सासरा, दीर आणि सरपंच ओट्यावर बसलेले असताना, मोबाइल रोखून नव्हे.

यातली गंमत (गंमतच म्हणायची) अशी की, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मनोरुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, कलम २३ उघडून पाहावं. म्हणजे फॉर्मवर ‘तीव्र नैराश्य’ हे खरं असेल तर त्या बाईचा फोटो ग्रुपवर टाकता येत नाही. आणि ते खरं नसेल तर फॉर्म कशाला भरला? दोन्हींपैकी एक तरी गोष्ट सूचना देणाऱ्या साहेबांनी मागे घ्यावी.

पण सगळा राग फॉर्मवर काढून भागणार नाही. त्या घरी आपण पोचतो तेव्हा त्या बाईनं तीच हकीकत किती जणांपुढे सांगून झालेली असते ते मोजा. पंचनाम्याला पोलिसांपुढे, जबाबात पुन्हा, मग तलाठी, मंडळ अधिकारी, कृषी सहायक, बँकेचा किंवा सोसायटीचा माणूस, तहसील. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानं एक लाखाची मदत ठरवली, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. तो आकडा पुढे वर्षानुवर्षं जागचा हलला नाही. हलल्या त्या फाइली. जमीन कुटुंबात कुणाच्या तरी नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं, वसुलीचा तगादा हवा. बटईनं केलेली शेती कागदावर नाही, बिनपरवाना सावकाराची चिठ्ठी कागदावर नाही. व्हिसेऱ्याचा अहवाल येईपर्यंत प्रकरण लटकलेलं. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीप्रमाणे २०२३ या एका वर्षात मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी जीव दिला, त्यात आपल्या जालना जिल्ह्यातले ७४. त्या प्रत्येक घरानं हे सगळं सोसलं, ‘पात्र’ ठरलेल्यांनीही आणि ‘अपात्र’ ठरलेल्यांनीही.

अपात्रतेचं पत्र बहुतेक वेळा घरात पोरच वाचून दाखवतं, कारण वाचता येणारं तेच असतं. बाप शेतीमुळे गेला नाही असं सरकारनं लिहून कळवलं, तर मग कशामुळे गेला? या प्रश्नाचं उत्तर दहा-बारा वर्षांचं पोर स्वतःच शोधतं, आणि ते उत्तर बहुधा ‘माझ्यामुळे’ असं असतं. आपण वह्या-पेन मागितले म्हणून, त्या दिवशी शेतात जायला नाही म्हटलं म्हणून. पात्र-अपात्र ठरवणाऱ्या समितीच्या बैठकीत या पोराचा विचार कुणी करत नाही. नियमात तो बसत नाही हे आम्हाला मान्य आहे. पण निकालाचं पत्र टपालानं धाडण्याऐवजी कुणीतरी घरी जाऊन नीट समजावून सांगावं, एवढं करायला कोणता शासन निर्णय आडवा येतो?

आता आपल्या लोकांविषयी. ‘बोलतं करा, रडू द्या, मोकळं होऊ द्या’ ही शिकवण आपल्यापैकी अनेकांनी प्रशिक्षणात घेतली आणि अजून सोडलेली नाही. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं उगाळून घेण्याच्या पद्धतीचा कॉक्रेननं २००२ मध्ये आढावा घेतला. फायदा दिसला नाही, काहींच्या बाबतीत त्रास वाढण्याचा धोका दिसला. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका ‘बघा, ऐका, जोडून द्या’ एवढंच सांगते, आणि माणसाला बोलायला भाग पाडू नका असं बजावते. तरीही पहिल्या भेटीत ‘नेमकं काय झालं ते सांगा’ म्हणणारे समुपदेशक आपल्यात आहेतच. तलाठ्यात आणि आपल्यात मग फरक काय उरला? त्याला निदान अहवाल द्यायचा असतो.

आघात हकीकतीतच राहतो असंही नाही. तो अंगात राहतो, आणि अंगाला पंचनामा कळत नाही. मोटारसायकल दारात थांबली की आत पळणारं मूल, रात्री आईचा श्वास चालू आहे ना हे पाहायला उठणारी मुलगी, कपाशीच्या फवारणीचा वास आला की ओकारी येणारा मुलगा, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. जाफराबादहून जवळच, केळणेकाठच्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी लढाई झाली. ती जिंकणारा आर्थर वेलस्ली त्या रात्री वारंवार दचकून उठत होता, आपले सगळे सोबती गेले या भासानं. सकाळी एकेकाला डोळ्यांनी पाहीपर्यंत त्याची खात्री पटली नाही. जिंकलेल्या सेनापतीची ही गत, तर बारा वर्षांच्या पोराला ‘आता तू घरचा कर्ता, रडायचं नाही’ म्हणून पाठीवर थाप मारणाऱ्यांना काय म्हणावं!

१९९८ च्या फेलिट्टी आणि अँडा यांच्या अभ्यासापासून लहानपणीच्या आघातांची मोजदाद करायची सवय जगभर लागली. त्या सतरा हजारांवर प्रौढांना, लहानपणी घरात कुणी आत्महत्येचा प्रयत्न केला होता का, हेही विचारलं होतं. अभ्यास मोलाचा आहे. पण तो स्कोअर कुंडलीसारखा मांडून ‘या मुलाचं पुढे असंच होणार’ असं शिक्षकांना सांगत फिरणारे काही मित्र आम्हाला ठाऊक आहेत. त्यांनी थांबावं. अनेकांवर मिळून काढलेला आकडा एका पोराचं भविष्य सांगत नाही. पुढे त्याच्याजवळ कोण टिकून राहिलं, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

आणि टिकून राहणं जमतं, हे आपल्याच राज्यात दिसलेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरच्या, डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांनी काम केलं. नैराश्य असणाऱ्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. रुग्णालयांचं म्हणाल तर ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. जालन्याच्या मनोरुग्णालयाची मंजुरी झाली, आनंद आहे. पण माहोऱ्याच्या किंवा टेंभुर्णीच्या त्या घरी खाटा चालत जाणार नाहीत. आघाताच्या जाणकारीवरच्या कार्यशाळा संभाजीनगरच्या हॉटेलांत भरतात, प्रमाणपत्रं वाटली जातात, आणि परतीच्या वाटेवर जाफराबादचा फाटा कुणाला दिसत नाही.

तेव्हा मंडळी, साहेबांचं पत्र येईपर्यंत थांबू नका. पहिल्या भेटीत कमी विचारा. पाणी, दळण, गुरांचा चारा कोण बघतंय, पोरं शाळेत जाताहेत का, आणि एकांतात तो नववा प्रश्न, एवढं पुरे. बालसंगोपन योजनेचा अर्ज त्याच आठवड्यात हातात द्या. महिन्याला २,२५० रुपये मिळतात, आणि त्यासाठी बाप ‘पात्र’ ठरावा लागत नाही. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर चिठ्ठीवर लिहून द्या आणि एकदा त्यांच्याच मोबाइलवरून लावून दाखवा, नुसत्या पोस्टरनं कुणी फोन करत नाही. मग वहीत पुढच्या तारखा लिहा: वर्गशिक्षकांची भेट, पहिली फवारणी, पोळा (त्या घरी बैल असतील तर ते सजवणार कोण, हे आधी विचारून ठेवा), मार्चची वसुली, वर्षश्राद्ध. तारखेच्या आदल्या दिवशी जा. समितीचा निकाल लागणार असेल तर तो पोराच्या हाती पडण्याआधी पोचा.

भेट देऊन परत येणं जमत नसेल तर पहिली भेटही देऊ नका, असं आम्ही स्पष्टच म्हणतो. एकदा ओळख करून गायब होणाऱ्या माणसांची त्या घराला आधीच पुरेशी सवय झालेली आहे.

ज्यांनी एखाद्या घरी वर्षभर फेऱ्या सुरू ठेवल्या आहेत, मग ते जाफराबादचे असोत, भोकरदनचे की पलीकडे देऊळगाव राजा-चिखलीकडचे, त्यांनी आपल्या नोंदी नावं-गावं खोडून आमच्याकडे पाठवाव्यात. कोणत्या भेटीला काय विचारलं, काय मुद्दाम विचारलं नाही, कुठे फसलं, हे पुढच्या अंकांतून क्रमानं छापू. तोंडी सूचना मिळालेल्यांनी ती कोणत्या तारखेला, कुठल्या बैठकीत मिळाली तेही लिहावं. लेखी खुलासा आम्ही माहिती अधिकारात मागणार आहोत. फोटो पाठवू नयेत.