रॉकेट वर, खुर्ची खाली!

१२ ऑक्टोबर १९६४. काळ्या समुद्राकाठी पित्सुंडाच्या बंगल्यात सुट्टीवर असलेले सोव्हिएत नेते निकिता क्रुश्चेव्ह फोनवरून थेट अंतराळात बोलत होते. वर 'व्होस्खोद' यानात तीन अंतराळवीर पृथ्वीला प्रदक्षिणा घालत होते. एकाच यानात तिघं! जगात असं पहिल्यांदाच घडत होतं. मॉस्कोत तुमचं जंगी स्वागत करू, असं क्रुश्चेव्हनी त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी यान सुखरूप उतरलं आणि १४ तारखेला क्रुश्चेव्हसाहेबही उतरले... खुर्चीवरून! स्वागत काही दिवसांनी झालं. पण तेव्हा यजमान होते ब्रेझनेव्ह.

आता थोडं मागं जाऊ. जून १९५७ मध्येच क्रुश्चेव्हना हटवायचा घाट पक्षातल्या बड्या मंडळींनी घातला होता. तेव्हा मार्शल झुकोव्ह पाठीशी उभे राहिले, म्हणून ते वाचले. चारच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, ८४ किलोंचा 'स्पुटनिक' आकाशात गेला. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या 'प्रावदा'त त्याची बातमी अगदी साधी होती. पण अमेरिकेची झोप उडाल्याचं कळलं आणि क्रुश्चेव्हना आपल्या हाती काय लागलंय, ते उमगलं. त्याच महिन्यात त्यांनी झुकोव्हना घरी बसवलं. ज्यानं वाचवलं, त्याचाच आधी काटा काढायचा, ही रीत आपल्याला अनोळखी नाही!

मग शास्त्रज्ञांना फर्मान सुटलं, ७ नोव्हेंबरला क्रांतीचा ४० वा वाढदिवस आहे, त्याआधी काहीतरी नवीन हवं. महिनाभरात घाईघाईनं यान तयार झालं आणि ३ नोव्हेंबरला त्यात बसून गेली लायका कुत्री. तिला परत आणायची सोयच नव्हती. ती काही दिवस जगली, असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात उष्णतेनं ती काही तासांतच मेली होती. हे जगाला कळलं २००२ साली!

कुत्रीचं जाऊ द्या, माणसांचं काय झालं पाहा. २४ ऑक्टोबर १९६० रोजी बायकोनूरला नव्या लष्करी क्षेपणास्त्राची चाचणी होती. पुन्हा तोच ७ नोव्हेंबरचा मुहूर्त डोक्यावर. इंधन भरलेल्या क्षेपणास्त्रात बिघाड निघाला. तो सुरक्षित रिकामा करून दुरुस्त करायला वेळ कुठला? माणसं तशीच भोवती काम करत राहिली. अचानक इंजिन पेटलं आणि सत्तरहून अधिक जणांचा कोळसा झाला. त्यात क्षेपणास्त्र दलाचे प्रमुख मार्शल नेडेलिनही होते. ते विमान अपघातात गेले, असं जाहीर झालं. बाकीच्यांच्या घरच्यांनी काय झालं ते बोलायचं नव्हतं. खरी हकीगत त्या देशात छापून यायला १९८९ उजाडलं.

इकडे क्रुश्चेव्ह मात्र, आमच्या कारखान्यातून क्षेपणास्त्रं सॉसेजसारखी बाहेर पडताहेत, अशी फुशारकी मारत होते. अमेरिकेपर्यंत पोचणारी होती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी! पण थाप खपली. इतकी की, १९६० च्या निवडणुकीत आपण क्षेपणास्त्रांत मागं पडलो, अशी ओरड करून केनेडींनीही मतं मागितली. पुढच्याच वर्षी अमेरिकी उपग्रहांच्या छायाचित्रांतून खरा हिशेब कळला. तोवर केनेडी व्हाइट हाऊसमध्ये पोचले होते. एकाच थापेवर दोन देशांतली दोन दुकानं चालली म्हणायची!

रॉकेटं आहेत, मग एवढं मोठं सैन्य कशाला, म्हणून १९६० मध्ये क्रुश्चेव्हनी १२ लाख सैनिक कमी करायची घोषणा केली. सेनापती बिथरले. आणि बाजारात? १ जून १९६२ ला मांस सुमारे ३० टक्क्यांनी आणि लोणी २५ टक्क्यांनी महागलं. नोव्होचेरकास्कचे कामगार रस्त्यावर आले, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. वीसहून अधिक माणसं मेली. त्यांचे मृतदेहसुद्धा नातेवाइकांना न देता गुपचूप पुरले. १९६३ मध्ये पीक बुडालं, तेव्हा चंद्रावर जायच्या गोष्टी करणाऱ्या या देशानं कॅनडा आणि अमेरिकेकडून गहू विकत घेतला. घरात पीठ नसताना गॅलरीत रोषणाई किती दिवस करणार?

तरीही पुढचा फटाका हवाच होता. अमेरिका दोघांना पाठवणार, मग आपण तिघांना पाठवू! वेगळं यान होतं कुठे? गागारिन गेले होते, त्याच एका माणसाच्या यानात फेरफार करून तीन आसनं कोंबली. अंतराळपोशाख घातला तर तिघं मावेनात, म्हणून पोशाखच काढून टाकले. उड्डाणाच्या वेळी काही बिघडलं तर सुटकेची वाट नाही. हे सगळं जमवून आणणारे मुख्य अभियंता सर्गेई कोरोलेव्ह यांचं नावसुद्धा लोकांना ठाऊक नव्हतं. जानेवारी १९६६ मध्ये ते वारले, तेव्हा पेपरात त्यांचा फोटो आला. मग लोकांना कळलं की स्पुटनिक कुणाचा होता.

खुर्चीवरचा माणूस बदलला, घाई तीच राहिली. व्होस्खोदमधल्या त्या तिघांपैकी व्लादिमीर कोमारोव्ह यांना एप्रिल १९६७ मध्ये नव्या 'सोयुझ-१' मधून एकट्याला पाठवलं. त्याआधीच्या मानवरहित चाचण्यांत यान धड उतरलेलं नव्हतं. २४ एप्रिलला परतताना पॅराशूट नीट उघडलं नाही आणि ते जमिनीवर आदळून गेले. त्या वर्षी क्रांतीचा ५० वा वाढदिवस होता.