आत्यांची खुर्ची

गेल्या वर्षी ऐप्पशीच्या पावसात आमच्या आत्या अंगणातील ओल्या फरशीवर घसरून पडल्या. हाड मोडले नाही. वैद्यांनी आठ दिवसांत चालण्याची मोकळीक दिली. परंतु आत्या चालेनात. पश्चिम राजवीथीवरील जुन्या घरांचे उंबरे उंच असतात, हे निमित्त सांगून त्यांनी प्रथम देवळात जाणे सोडले, मग शेजारी जाणे सोडले, आणि पोंगलपर्यंत त्यांचा वावर खाट, देवघर व स्वयंपाकघर एवढ्यापुरताच उरला. पायांतील बळ या बसून राहण्याने अधिकच गेले, हे निराळे सांगावयास नकोच.

आमच्या पेठेतील एका शाळेच्या पटांगणात रोज पहाटे एक निवृत्त गृहस्थ विनामूल्य ‘ताय ची’ शिकवितात. ऐन उमेदीची वर्षे त्यांनी सिंगापुरात नोकरीत घालविली. तेथे चिनी म्हातारेकोतारे सकाळी बागेत जमून हा व्यायाम करतात, त्यांच्यातच ते शिकले. आत्यांना तेथे न्यावे असे मला वाटले. पुष्कळ मनधरणी केल्यावर त्या म्हणाल्या, “तू स्वतः उभा राहणार असशील तर येते. नुसता बघत बसायचा नाहीस.”

अशा रीतीने, भाषांतराच्या मेजापलीकडे अंगमेहनत न केलेला मी चाळिशीच्या आधीच सत्तरीच्या मंडळींच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. सर्वांत वाईट विद्यार्थी कोण, याचा निकाल पहिल्याच दिवशी लागला. गुडघे किंचित वाकवून अंगाचा सर्व भार एका पायावर न्यावयाचा, दुसरा पाय रिकामा झाला म्हणजेच तो उचलावयाचा, टाच आधी टेकावयाची आणि मग सावकाश भार पुढे सोडावयाचा. एवढेच ते काम. पण आपण एरवी चालतो म्हणजे पुढे पडतापडता स्वतःला सावरतो, हे मला तेव्हा कळले.

आत्यांसाठी गुरुजींनी एक लाकडी खुर्ची मागविली. तिच्या पाठीवर हात ठेवून पंधरा दिवस त्यांनी फक्त भार बदलण्याचा सराव केला. गुरुजींनी हात वर्तुळाकार फिरविला, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “ही तर आपल्या पेरिय कोविलातली करणं!” बृहदीश्वराच्या वरच्या मजल्यावर नाट्यशास्त्रातील १०८ करणांपैकी ८१ कोरलेली असून उरलेल्या २७ दगडांना छिन्नी लागलेलीच नाही. साम्य डोळ्यांना भुलविणारे आहे. तथापि यावरून कोणी नाते जोडू नये. ताय चीचा उगम सामान्यतः सतराव्या शतकातील हनान प्रांतातल्या चेन कुलाच्या खेड्यात मानला जातो, आणि मुळात ती युद्धविद्या आहे. नवशिक्यांना शिकविला जाणारा २४ हालचालींचा सोपा क्रम तर १९५६ साली चीनच्या क्रीडाखात्याने बसविला. पाच-सहा मिनिटांत तो पुरा होतो. २०२० मध्ये युनेस्कोने ताय चीची मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

याचा उपयोग किती? कॉक्रेनच्या २०१९ सालच्या आढाव्यात साठीपुढील २३,४०७ व्यक्तींवरील चाचण्या एकत्र तपासल्या आहेत. त्या चाचण्याही योगायोगाने १०८ च! व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटले, असे त्यांत दिसून आले. तोल सांभाळण्याच्या व्यायामाविषयीचा पुरावा भक्कम आहे. एकट्या ताय चीविषयीचा तितका निःशंक नाही. म्हणून ज्यांच्या गावी ही चिनी विद्या नसेल त्यांनी हळहळण्याचे कारण नाही. खुर्ची सर्वांच्या घरी असते. मात्र चक्कर येणाऱ्यांनी वा गुडघे सुजलेल्यांनी प्रथम डॉक्टरांना विचारावे, आणि गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नये.

आत्यांना अद्याप एका पायावर उभे राहता येत नाही. गुरुजीही आग्रह धरीत नाहीत. खुर्ची रोज मी नेतो व आणतो. गेल्या आठवड्यात घाईत ती घरीच राहिली. वाटेत लक्षात आले, तेव्हा मी म्हणालो, “आत्या, तुम्ही इथंच थांबा, मी घेऊन येतो.”

“राहू दे,” त्या म्हणाल्या, “उशीर होतोय.”